लुसेना पोझिशन लुसेनाच्या पुस्तकात नाहीच! (जुन्या उस्तादांच्या नावांचा घोळ)

अडीच_घर (धागाकर्ता)

बुद्धिबळात हत्तीचे एंडगेम (मोजकीच मोहरी उरल्यावरचा शेवटचा खेळ) शिकायला बसलं की पहिल्या दिवशी दोन नावं कानावर पडतात, लुसेना आणि फिलिडोर. त्यातल्या लुसेनाच्या नावाने जी स्थिती सगळीकडे शिकवतात, ती त्याच्या पुस्तकात कुठेही सापडत नाही. डॅमियानोच्या नावाने जो बचाव ओळखला जातो, तो त्याने वाईट म्हणून दाखवला होता. फिलिडोर बचावाची शिफारस फिलिडोरच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी रुय लोपेझने केली होती. हा घोळ एकदा निस्तरावा म्हणून हा धागा. कोणी काय लिहिलं, कधी लिहिलं आणि पटावर त्याचा आज उपयोग काय, एवढंच बघू. दंतकथा नकोत.

चाली लिहिण्याची पद्धत: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८. रा, व, ह, उं, घो म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. प्याद्याला अक्षर नाही. मारण्याला ×, शह +, चांगली चाल !, चूक ?. आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.

सुरुवात लुसेनापासून. लुईस रामीरेझ दे लुसेना, पुस्तक साधारण १४९७, सालामांका. छापील बुद्धिबळ-पुस्तकांपैकी आज हातात असलेलं हे सगळ्यात जुनं. (त्याच्या आधी १४९५ मध्ये वॅलेन्सियात फ्रान्सेस्क विसेंतचं पुस्तक छापलं होतं, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही.) लुसेनाच्या पुस्तकाचा अर्धा भाग प्रेमावरचा आहे आणि उरलेला बुद्धिबळावरचा. त्यात १५० कूटं आहेत, काही जुन्या नियमांची, काही नव्या.

आता ती स्थिती. पांढरा: रा-जी८, प्यादं जी७, ह-एफ१. काळा: रा-ई७, ह-एच२. पांढऱ्याची चाल. राजा प्याद्याच्या पुढे अडकलाय, बाहेर पडला की हत्तीचे शह बसतात. उपाय:

१. ह-एफ४! ह-एच१ २. ह-ई४+ रा-डी७ ३. रा-एफ७ ह-एफ१+ ४. रा-जी६ ह-जी१+ ५. रा-एफ६ ह-एफ१+ ६. रा-जी५ ह-जी१+ ७. ह-जी४, आणि शह संपले. प्याद्याचा वजीर होणार.

यालाच पूल बांधणं म्हणतात. बरेचजण इथे चुकतात ते पहिल्याच चालीला: आधी १. ह-ई१+ देऊन राजा हाकलतात आणि मग आपला राजा बाहेर काढतात. पण हत्ती पहिल्या रांगेत राहिला, तर राजा जी५ वर आल्यावर आडवा घालायला काही उरत नाही, शह चालूच राहतात. हत्ती आधी चौथ्या रांगेत हवा, तिथेच पुलाचा खांब. दुसरं म्हणजे प्यादं ए किंवा एच पट्टीवर असेल तर ही रीत चालत नाही, राजा कोपऱ्यातून सुटतच नाही.

ही स्थिती छापली नेपल्सच्या अलेस्सांद्रो साल्वियोने, १६३४ मध्ये. आणि त्यानेही ती स्वतःची म्हणून दिली नाही, शिपियोने जेनोव्हिनोची म्हणून दिली. म्हणजे न्यायाने ही जेनोव्हिनो पोझिशन. पण आता कोण बदलणार?

जुनी_पानं

धागा चांगला. लुसेनाच्या १५० कूटांत जुने-नवे नियम मिसळलेत हे महत्त्वाचं आहे, त्यावर थोडं.

१४७५ च्या आसपास स्पेनमध्ये वजीर बदलला. त्याआधी तो फक्त एक घर तिरपा जायचा. उंट दोन घरं तिरपी उडी मारायचा, मधलं मोहरं ओलांडूनही, पण दोनच घरं. नव्या नियमांत दोघांना लांबपर्यंत तिरपं धावता आलं आणि वजिराला हत्तीची सरळ चालही मिळाली. इटलीत लोक या खेळाला ‘पिसाळलेल्या राणीचं बुद्धिबळ’ म्हणत. आपल्याकडे मात्र मोहऱ्याचं नाव वजीरच राहिलं, युरोपात मंत्र्याची राणी झाली.

एक गंमत: स्पॅनिशमध्ये उंटाला आजही ‘अल्फिल’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘अल-फील’, म्हणजे हत्ती. जुन्या पटावर हत्ती तिथेच उभा असायचा. आपला हत्ती कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी उंट आला. त्यामुळे मराठी-स्पॅनिश भाषांतरात ‘हत्तीने हत्ती मारला’ असं काहीही होऊ शकतं.

नव्या नियमांमुळे सुरुवातीच्या दहा चालींतच मात होऊ लागली. जुन्या खेळात सैन्य जमवायलाच वीस चाली लागायच्या, ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) पाठ करण्यात काही हशील नव्हतं. आता चौथ्या चालीला वजीर एच५ वर येऊन उभा राहतो म्हटल्यावर कुणाला तरी पुस्तक लिहावंच लागणार होतं. लुसेना, डॅमियानो, लोपेझ ही रांग लागली ती याच कारणाने.

लुसेनाचा सल्लाही प्रसिद्ध आहे: दिवसा खेळत असाल तर प्रतिस्पर्ध्याला उजेडाकडे तोंड करून बसवा, आणि त्याने भरपूर खाल्लं-प्यायलं असेल तेव्हा त्याच्याशी खेळा. हे मात्र नक्की त्याच्याच पुस्तकात आहे.

तिरका_उंट

डॅमियानोची बाजू मांडायला कोणीतरी हवं, मी मांडतो.

पेद्रो डॅमियानो, पोर्तुगालच्या ओदेमिराचा, धंद्याने औषधं बनवणारा. १५१२ मध्ये रोममध्ये पुस्तक, इटालियन आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात त्याने १. ई४ ई५ २. घो-एफ३ यावर काळ्याच्या उत्तरांची चर्चा केली. २...घो-सी६ सगळ्यात चांगलं, हे त्याचं मत. पाचशे वर्षांनीही कुणी त्याला चूक म्हणणार नाही. २...एफ६ त्याने दाखवलं ते हे का खेळू नये हे सांगायला. आणि इतिहासाने त्या चालीला त्याचंच नाव दिलं. डॉक्टरने रोगाचं वर्णन केलं म्हणून त्याला रोगी ठरवण्यातला प्रकार.

का खेळू नये ते:

१. ई४ ई५ २. घो-एफ३ एफ६? ३. घो×ई५! एफ×ई५? ४. व-एच५+

इथे दोन वाटा. ४...जी६ केलं तर ५. व×ई५+ आणि एच८ चा हत्ती गेला. ४...रा-ई७ केलं तर ५. व×ई५+ रा-एफ७ ६. उं-सी४+ डी५! (उंटाची वाट मोकळी करायला प्यादं देणं भाग आहे) ७. उं×डी५+ रा-जी६ ८. एच४!

आठव्या चालीला घाईत ८. डी४ करणारे खूप आहेत. त्यावर ८...उं-डी६ येतं आणि वजिरालाच पळावं लागतं. ८. एच४ ला जर ८...एच६, तर ९. उं×बी७! उं×बी७ १०. व-एफ५ मात. सी८ चा उंट बी७ ला ओढून नेल्यामुळेच एफ५ मोकळं झालं, हे बघा. ८...एच५ केलं तर ९. उं×बी७! उं×बी७ १०. व-एफ५+ रा-एच६ ११. डी४+ जी५ १२. व-एफ७! आणि मात फार लांब नाही. १२ व्या चालीला एच×जी५+ चा मोह टाळायचा.

काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा मारायचाच नाही. ३...व-ई७! ४. घो-एफ३ व×ई४+ ५. उं-ई२. प्यादी सारखी, पण काळ्याचा वजीर एकटाच मैदानात. १९६४ मध्ये ह्यूस्टनला बॉबी फिशरच्या सिमल्टेनियस (एकाच वेळी अनेकांशी खेळण्याच्या) प्रदर्शनात एका हौशी खेळाडूने ३...व-ई७ खेळूनच त्याच्याशी बरोबरी केली होती. तेव्हा चाल वाईट असली तरी लगेच मरण नाही.

नवखा_६४

मस्त माहिती. मग रुय लोपेझ ही ओपनिंग (१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-बी५) तरी लोपेझची आहे का? ३. उं-बी५ त्यानेच शोधली असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

जुनी_पानं

@नवखा_६४, नाही. ३. उं-बी५ ग्योटिंगेनच्या हस्तलिखितात आहे आणि ते लोपेझच्या कितीतरी आधीचं. लोपेझचं नाव चिकटलं ते त्याने त्या चालीचं महत्त्व पटवून दिलं म्हणून.

लोपेझ झाफ्रा गावचा पाद्री. १५६० च्या सुमारास कामासाठी रोमला गेला, तिथे इटालियनांना हरवलं, डॅमियानोचं पुस्तक वाचलं, ते पटलं नाही आणि १५६१ मध्ये अल्कालात स्वतःचं पुस्तक छापलं. त्याचा डॅमियानोशी वाद नेमका २...घो-सी६ वर आहे. त्याचं म्हणणं: ३. उं-बी५ आली की ई५ चं रक्षण करणारा घोडाच धोक्यात, म्हणून २...घो-सी६ चांगली नाही, २...डी६ खेळा.

आणि हे २...डी६ म्हणजेच आजचा फिलिडोर बचाव.

म्हणजे रुय लोपेझ ही ओपनिंग लोपेझची नाही, आणि फिलिडोर बचाव खरं तर लोपेझचा.

अडीच_घर

@जुनी_पानं, आणि लोपेझची भीतीही थोडी जास्तच होती. ३...ए६ ४. उं×सी६ डी×सी६ ५. घो×ई५ असं करून प्यादं पटकावायला गेलं की ५...व-डी४! वजीर एकाच वेळी ई५ चा घोडा आणि ई४ चं प्यादं मारायला बसतो. पांढऱ्याचं प्यादं परत जातं. म्हणून पाचव्या चालीला लगेच ई५ मारत नाहीत, आधी किल्लेकोट करतात. त्यानंतर मात्र ई५ खरंच धोक्यात येतं, कारण मग व-डी४ ला दम राहत नाही: ई४ मारलं तर ह-ई१ येतो. क्लबातली पोरं पाचव्या आणि सहाव्या चालीतला हा फरक न समजून घेता पाठ करतात आणि मग एका चालीने गडबडतात.

लोपेझच्या खात्यावर पक्कं काय जमा? ‘गॅम्बिट’ हा शब्द. इटालियन कुस्तीतल्या टांग मारण्याच्या डावावरून त्याने तो घेतला. कोल्हापूरच्या तालमीत ‘टांग’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्यादं पुढे करायचं, समोरच्याने पाय टाकला की त्याला पाडायचं. आपण ‘गॅम्बिट’ हा शब्द उसना घेतला, ‘टांग’ वापरला असता तर मूळ अर्थाच्या जास्त जवळ गेलो असतो.

तिरका_उंट

१५७५ चं माद्रिद विसरू नका. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या दरबारात लोपेझ आणि सेरॉन एकीकडे, कालाब्रियाचा लिओनार्दो आणि सिसिलीचा पाओलो बोई दुसरीकडे. लिओनार्दो जिंकला. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं खेळ इटालियनांच्या हातात होता, आणि त्यातला शेवटचा मोठा माणूस म्हणजे जोआकीनो ग्रेको. त्याच्यावर कोणी लिहिणार आहे का? नाहीतर मी लिहितो.

प्यादेमात

ग्रेको माझ्याकडे.

कालाब्रियाच्या चेलिकोचा, जन्म १६०० च्या आसपास. टोपणनाव ‘इल कालाब्रेझे’. १६२० मध्ये रोम, १६२१ मध्ये नान्सी, मग पॅरिस, लंडन, पुढे माद्रिद. तो पुस्तक छापत नव्हता. हाताने लिहिलेल्या वह्या श्रीमंत आश्रयदात्यांना भेट द्यायचा आणि बक्षिसावर जगायचा. प्रत्येक वही थोडी वेगळी, गिऱ्हाईक बघून. साल्वियोच्या सांगण्यानुसार तो वेस्ट इंडिजमध्ये मेला. त्याचे डाव छापले गेले १६५६ मध्ये लंडनला, तो गेल्यानंतर वीसेक वर्षांनी.

दोन गैरसमज. एक, हे प्रत्यक्ष खेळलेले डाव आहेत असं डेटाबेसमध्ये वाटतं: ‘ग्रेको वि. अज्ञात, १६२०’. बहुतेक ते रचलेले आहेत. समोरचा माणूस नेमका हव्या त्या वेळी हवी ती चूक करतो. तो शिकवणीचा माल आहे, आणि तसाच तो वापरावा. दुसरा गैरसमज, की ग्रेको म्हणजे नुसते सापळे. खाली बघा.

घोड्याने कोंडून मात:

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५ ४. किल्लेकोट घो-एफ६ ५. ह-ई१ किल्लेकोट ६. सी३ व-ई७ ७. डी४ ई×डी४ ८. ई५ घो-जी४ ९. सी×डी४ घो×डी४ १०. घो×डी४ व-एच४! ११. घो-एफ३ व×एफ२+ १२. रा-एच१ व-जी१+! १३. घो×जी१ घो-एफ२ मात.

पाचव्या चालीला हत्ती एफ१ वरून उठला तिथेच पांढऱ्याने एफ२ उघडं टाकलं. सी५ चा उंट आणि जी४ चा घोडा दोघांचा डोळा एफ२ वर, पण त्याकडे लक्ष जातं दहाव्या चालीला, वजीर एच४ वर आल्यावर. १३. ह×जी१ केलं तरी तीच मात. एच१ चा राजा आपल्याच प्याद्यांनी आणि मोहऱ्याने कोंडलेला.

एच७ वरचा उंटाचा बळी:

१. ई४ ई६ २. डी४ घो-एफ६ ३. उं-डी३ घो-सी६ ४. घो-एफ३ उं-ई७ ५. एच४ किल्लेकोट ६. ई५ घो-डी५ ७. उं×एच७+! रा×एच७ ८. घो-जी५+ उं×जी५ ९. एच×जी५+ रा-जी८ १०. व-एच५ एफ५ ११. जी६ ह-ई८ १२. व-एच८ मात.

हा बळी देण्याआधी तपासायच्या गोष्टी, कारण बहुतेकांचा फसतो:

काळ्याचा एफ६ वरचा घोडा हाकलला गेला पाहिजे, इथे ते काम ई५ ने केलं. तो घोडा जागेवर असेल तर एच७ आणि एच५ दोन्ही राखतो. आपला वजीर एका चालीत एच५ वर पोचला पाहिजे. काळ्याला उं-एफ५ किंवा तत्सम चालीने एच७ राखता येता कामा नये. आणि ८...रा-एच६ ला उत्तर हवं: सी१ चा उंट मोकळा असेल तर घोडा उठताच मागून शह बसतो. तो उंट डी२ च्या प्याद्यामागे कोंडलेला असेल तर राजा निवांत चालत निघून जातो. आणि ८...रा-जी६ सगळ्यात अवघड, ते आधी मोजल्याशिवाय उंट टाकूच नये. ग्रेकोच्या डावात एच४ आधीच खेळलेलं आहे म्हणून जी५ वर मारामारी झाली की एच पट्टी उघडते. एच४ नसताना हाच बळी पुष्कळदा नुसता उंट घालवून बसतो.

नवखा_६४

लिगल मात पण ग्रेकोची का?

तिरका_उंट

नाही, ती सिअर दे लेगालची. जन्म १७०२, मृत्यू १७९२, पॅरिसच्या कॅफे दे ला रेजान्समधला सर्वात तगडा खेळाडू आणि फिलिडोरचा गुरू. नव्वद वर्षांच्या आयुष्यातला त्याचा एकच डाव टिकून आहे.

पाठ्यपुस्तकातलं रूप: १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. उं-सी४ उं-जी४ ४. घो-सी३ जी६? ५. घो×ई५! उं×डी१ ६. उं×एफ७+ रा-ई७ ७. घो-डी५ मात. आणि ५...डी×ई५ केलं तर ६. व×जी४, एक प्यादं वर.

पण टिकून असलेल्या डावात काळ्याचा घोडा सी६ वर होता! तसं असेल तर ५. घो×ई५? घो×ई५! आणि आता वजिराने जी४ चा उंट मारता येत नाही, कारण ई५ चा घोडा जी४ राखतो. म्हणजे मोहरं गेलं. लेगालने ते तसंच खेळून मात केली कारण समोरच्याने वजिराचा मोह धरला.

सी६ वर घोडा असताना हे करायचंच असेल तर आधी ५. एच३ विचारा. ५...उं-एच५? केलं तरच ६. घो×ई५! घो×ई५ ७. व×एच५ घो×सी४ ८. व-बी५+ आणि मग व×सी४, प्यादं वर. ५...उं×एफ३ केलं तर विसरा.

अडीच_घर

आता फिलिडोर. फ्रांस्वा-आंद्रे दानिकाँ फिलिडोर, जन्म ७ सप्टेंबर १७२६ द्रेअ गावी, मृत्यू ३१ ऑगस्ट १७९५ लंडन. घराणं गवय्या-वादकांचं. व्हर्सायच्या राजेशाही प्रार्थनागृहात लहानपणी गायला, बुद्धिबळ तिथेच शिकला. १७४५ मध्ये हॉलंडमधला एक संगीत-दौरा फसला तेव्हा त्याने बुद्धिबळ आणि पोलिश ड्राफ्ट्स या सोंगट्यांच्या खेळावर पोट भरलं. १७४७ मध्ये लंडनला स्लॉटर्स कॉफीहाउसात अलेप्पोच्या फिलिप स्टॅमाशी सामना. प्रत्येक डावात पांढरी मोहरी स्टॅमाला, आणि बरोबरी झाली तर तीही स्टॅमाचा विजय धरायची. एवढी सूट देऊन फिलिडोर आठ डाव जिंकला.

१७४९ मध्ये लंडनला त्याचं पुस्तक आलं. आधीची पुस्तकं ‘हे खेळ, ते खेळ’ सांगत. फिलिडोर ‘का’ सांगतो. प्यादी हाच खेळाचा आत्मा, हे त्याचं गाजलेलं वाक्य त्याच पुस्तकातलं.

त्याला २. घो-एफ३ आवडत नव्हती, कारण घोडा एफ पट्टीच्या प्याद्याची वाट अडवतो. म्हणून २...डी६ नंतर काळ्याने लगेच एफ५ करावं, असं तो सांगतो: ३. डी४ एफ५. आज फिलिडोर बचाव म्हणून जे खेळतात, डी६ करून गप्प दबून बसायचं, ते त्याला ओळखूही आलं नसतं. अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये ३...एफ५ काळ्याकडून खेळून एक सुरेख डाव जिंकला. पण त्याच वर्षी पॅरिसच्या ऑपेरात त्याच्याविरुद्ध जे फिलिडोर बचाव खेळले त्यांनी ३...उं-जी४ केलं आणि १७ चालींत संपले.

जुनी_पानं

स्टॅमाला पराभूत म्हणून सोडून देऊ नका. १७३७ मध्ये पॅरिसला त्याचं १०० एंडगेम-स्थितींचं पुस्तक निघालं. त्यात त्याने घरांना अक्षर-अंक देऊन चाली लिहिल्या. फिलिडोर आणि त्याच्या मागचे इंग्रज ‘राजाच्या उंटाचं प्यादं दोन घरं’ असं लांबण लावत बसले. आज या धाग्यात आपण जे ‘ई४’ लिहितोय ते हरलेल्या माणसाचं आहे.

प्यादेमात

फिलिडोर पट न पाहता दोन-तीन डाव एका वेळी खेळायचा, लंडनच्या पार्स्लो क्लबात तिकीट लावून. १७८२ मध्ये फ्रेंच विचारवंत दिदरोने त्याला पत्र लिहून समजावलं की एवढ्यासाठी डोक्याचा भुगा करून घेऊ नकोस. क्रांतीनंतर फ्रान्समध्ये परत जायचा परवाना मिळाला नाही, लंडनलाच वारला. पॅरिसात तो आधी संगीतकार होता, लंडनला फक्त बुद्धिबळपटू. त्याचे ऑपेरा आता कितीजण ऐकतात?

आणि एक वेगळा धागा इथेच जोडतो. फिलिडोरने हत्ती-उंट विरुद्ध हत्ती यात जिंकण्याची रीत दाखवली: राजे समोरासमोर, उंट आपल्या राजाच्या बगलेत, विरोधी राजा पटाच्या काठाला. ही रीत बरोबर आहे, पण तिथपर्यंत पोचू द्यायचं नसेल तर काय करायचं याचं आज शिकवलं जाणारं उत्तर कॉक्रनच्या नावाने आहे. बचाव करणाऱ्याने हत्तीने उंटाला त्याच्याच राजावर जखडायचं, आपला राजा शक्य तितका लांब ठेवायचा, आणि त्यांचा राजा एका बाजूला सरकला की आपला दुसऱ्या बाजूला सरकवायचा. पटाच्या मधल्या भागात हे उत्तम चालतं.

हा जॉन कॉक्रन कलकत्त्यात वकील होता. तिथे १८४८ च्या सुमाराला त्याला महेशचंद्र बॅनर्जी भेटले. महेशचंद्र १. डी४ ला घो-एफ६, जी६, उं-जी७ असं उत्तर द्यायचे. १८५५ चा त्यांचा एक डाव १. डी४ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ डी५ असा सुरू होतो. ऑस्ट्रियाच्या ग्र्युनफेल्डने हे १९२२ मध्ये खेळलं आणि नाव त्याचं लागलं. धाग्याच्या विषयाला आणखी एक उदाहरण.

आपल्या देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. डी४-ई४ करून मध्य लगेच ताब्यात घेता यायचा नाही, म्हणून जी६-उं-जी७ ही सवय. ‘इंडियन डिफेन्स’ नाव तिथून. एवढ्या नावांच्या घोळात हे एक नाव तरी बरोबर जागी लागलं.

जुनी_पानं

@प्यादेमात, देशी पद्धतीचा विषय निघालाच आहे तर: १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृत, युरोपी नियमांना जुळवून घेतलेलं, मुख्यतः स्थितींचं. त्याआधी सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचा भाग आहे. हे भट्ट घराणं काशीला स्थायिक झालं तरी मूळचं पैठणचं. आणि त्याच्याही मागे, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चतुरंगाचं वर्णन आहे. युरोपातल्या प्रत्येक चालीला कुणाचं तरी नाव आहे. इकडे नावं आहेत ती ग्रंथांची, चालींना नावं देण्याची पद्धतच नव्हती. प्याद्याने मात केली की ‘प्यादेमात’, तेवढंच कौतुक.

नवखा_६४

एक शेवटचा प्रश्न. लुसेना कळलं. फिलिडोरची हत्ती-प्यादं विरुद्ध हत्तीची बरोबरी, ती तरी त्याचीच ना? आणि माझा हत्ती नेहमी चुकीच्या वेळी खाली जातो.

अडीच_घर

@नवखा_६४, ती त्याचीच, १७७७ च्या आवृत्तीत आहे.

मांडा: पांढरा रा-डी५, प्यादं ई५, ह-ए७. काळा रा-ई८, ह-बी६. काळ्याचा राजा बढतीच्या घरावर, हत्ती सहाव्या रांगेत. तो तिथे असेपर्यंत पांढऱ्या राजाला डी६ किंवा ई६ वर येता येत नाही. तुम्ही फक्त सहाव्या रांगेत इकडेतिकडे करत राहायचं. कंटाळा आला तरी.

पांढऱ्याला पुढे जायला प्यादंच ढकलावं लागतं: १. ई६. आता आणि आताच १...ह-बी१! मग २. रा-डी६ ला ह-डी१+ ३. रा-ई५ ह-ई१+ ४. रा-एफ६ ह-एफ१+. राजाला लपायला जागा नाही, कारण जिथे लपायचं त्या ई६ वर त्याचंच प्यादं जाऊन बसलंय.

तुमची चूक अशी होत असणार: प्यादं अजून ई५ वर आहे आणि तुम्ही ह-बी१ करता. मग रा-ई६, आणि ई पट्टीवरून शह द्यायला जाल तर मध्ये त्याचं प्यादं उभं. तेव्हाही डाव गेलेला नसतो. राजा छोट्या बाजूला (प्याद्यापासून पटाचा काठ जवळ ती), इथे एफ८ ला न्या, आणि हत्ती लांबच्या बाजूला ठेवून आडवे शह द्या. राजा डी८ कडे नेलात तर मात्र ह-ए८+ येतो आणि पाच-सहा चालींत तुम्ही वरच्या लुसेनाच्या स्थितीत असता.

तिरका_उंट

जेनोव्हिनोच्या.